हिशेब फोनमध्ये नसतोच!

प्रश्न : एपीएन बदलायचा, एक व्हीपीएन अ‍ॅप टाकायचं, की रिचार्जशिवाय नेट चालतं, असा व्हिडिओ पाहिला. सगळं तसंच केलं, तरी चालेना. कुठे चुकलं?
– एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही, व्हिडिओच खोटा आहे. एपीएन म्हणजे कंपनीच्या कोणत्या दारातून नेटवर जायचं, त्या दाराचं नाव. जिओचं 'जिओनेट' तसं. तुमच्या नंबराला कुठली दारं उघडी, याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर असते. फोनमध्ये भलतंच नाव टाकलं, की नेट बंद पडतं किंवा तुम्हाला नेहमीच्याच दाराने आत घेतलं जातं.

आता मीटर कुठे आहे ते पाहा. नेट सुरू केलं, की कंपनीचा गेटवे, म्हणजे त्या दारावरचा सर्व्हर, हिशेब ठेवणाऱ्या चार्जिंग सर्व्हरला शिल्लक विचारतो. शिल्लक असेल तर सर्व्हर डेटाचा एक तुकडा मंजूर करतो. तो संपत आला की पुन्हा विचारणा, पुन्हा तुकडा. शिल्लक संपली, की गेटवे तुमची वाट अडवतो. या सगळ्या बोलण्यात तुमचा फोन कुठेच नाही. व्हीपीएन म्हणजे तुमचा डेटा कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत पाठवणारी सोय. तिने पाकीट फक्त चिकटवलं जातं. पोस्टात वजन पाकिटाचं होतं, आतला मजकूर कुणी तोलत नाही. रोजचा कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर आणणाऱ्या पॅकमध्येही तेच. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ केबी, आणि १ एमबीच्या फोटोला दोनेक मिनिटं, व्हीपीएन लावा नाहीतर काढा.

'पूर्वी चालायचं' हे मात्र अगदीच थाप नाही. काही साइट फुकट असत आणि साइट कोणती, हे गेटवे विनंतीत लिहिलेल्या नावावरून ठरवी. अ‍ॅप तिथे फुकट साइटचं खोटं नाव लिहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) साइट पाहून वेगळे दर लावायला बंदी घातली आणि या युक्तीचा आधारच गेला.

ते अ‍ॅप आधी काढा. तुमचं सगळं नेट अनोळखी माणसाच्या सर्व्हरवरून जातंय, आणि अ‍ॅपने एसएमएसची परवानगी घेतली असेल तर ओटीपीही. सेटिंग्जमधल्या व्हीपीएनच्या यादीतून त्याची नोंद पुसा. मग एपीएनच्या पानावर कोपऱ्यातल्या तीन टिंबांत 'रीसेट टू डिफॉल्ट' दाबा आणि फोन बंद करून चालू करा.

प्रश्न : फोन आल्यावर #९० दाबलं तर सिम क्लोन होऊन आपल्या पैशावर दुसरे बोलतात, हे खरं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. चालू कॉलमध्ये बटण दाबलं की पलीकडे नुसता टोन जातो. क्लोन, म्हणजे सिमची हुबेहूब नक्कल, करायला लागते ती सिमची १२८ बिटांची गुप्त किल्ली, आणि ती चिपबाहेर येत नाही. नेटवर्क एक यादृच्छिक आकडा पाठवतं, चिप त्यावरून उत्तर काढते, तेवढंच बाहेर जातं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जुन्या पद्धतीच्या सिममधून किल्ली काढून दाखवली होती. पण त्यासाठी सिम हातात घेऊन रीडरमध्ये घालावं लागलं, सुमारे दीड लाख वेळा प्रश्न विचारावे लागले, आठेक तास गेले. पुढे ती पद्धतच बदलली.

भीती बाळगायची तर कुणी तुमच्या नावाने कंपनीकडून काढलेल्या डुप्लिकेट सिमची बाळगा. घरातल्या त्याच कंपनीच्या इतर फोनांना रेंज आहे आणि तुमचीच अचानक गेली, तर लगेच दुसऱ्या फोनवरून कंपनीला कळवा. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं.

प्रश्न : 'कुरिअरवाल्या'ने *४०१* आणि पुढे एक नंबर डायल करायला लावला. आता मला फोनच येत नाहीत.
– एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : तुमचे कॉल त्या नंबरावर वळवले गेलेत, फोनवर सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच ऐकू जातो. फोन अ‍ॅपच्या कॉल सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' उघडून सगळे पर्याय बंद करा, किंवा ##००२# डायल करा. जिओवर हा कोड चालला नाही तर *४०२ लावा. मग *#२१# ने तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर टू-स्टेप पिन लावा. पैसे गेले असतील तर आत्ताच १९३० वर फोन करा.

प्रश्न : *#*#४६३६#*#* ने नेट हॅक होतं म्हणे?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही, तो अँड्रॉइडचा चाचणी मेनू आहे. त्यात 'एलटीई ओन्ली' (फक्त ४जी) निवडलंत आणि व्होल्टी, म्हणजे ४जीवरून कॉल करायची सोय, बंद असेल, तर फोन येणं-जाणंच थांबतं.