मॉडेल रॉकेट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रॉकेट लाँच रॉडवरून (सुरुवातीला दिशा देणाऱ्या सळीवरून) सुटताच कोलांट्या खातं. फिन (शेपटीचे पंख) सरळ आहेत, मोटर (इंधनाची नळकांडी) नवी आहे. चुकतंय कुठे?

उत्तर : वजनाची वाटणी तपासा. हवेत रॉकेट आपल्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे जिथे त्याचा तोल साधतो त्या बिंदूभोवती, वळतं, आणि हवेचा आडवा जोर दाबकेंद्रावर एकवटतो. दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तरच रॉकेट तिरकं झाल्यावर हवा शेपटीला रेटून त्याला सरळ करते. फिन मागे लावतात ते याचसाठी. दोन्हींत निदान नळीच्या व्यासाएवढं अंतर हवं. नळी २५ मिलिमीटरची, तर अंतरही तेवढं. बरेच जण मोटर न घालताच तोल बघतात आणि तिथेच फसतात, कारण मोटरचं सगळं वजन शेपटीकडे असतं.

मोटर (ती पेटवणारा इग्नायटर न लावता), वॅडिंग (पॅराशूट आणि मोटर यांच्यामधला संरक्षक थर), पॅराशूट सगळं भरून रॉकेट बोटावर तोला. तोल सापडेल तिथे दोरा बांधा, वर चिकटपट्टी लावा आणि दोन-अडीच मीटर दोऱ्यावर मोकळ्या जागी डोक्यावरून गरगर फिरवा. नाक पुढे राहिलं तर उत्तम. आडवं किंवा उलटं फिरलं, तर नोज कोनमध्ये (रॉकेटच्या नाकात) थोडी थोडी मॉडेलिंग क्ले भरत, दोरा नव्या तोलाच्या जागी सरकवून पुन्हा फिरवून बघा. मात्र वाढलेलं वजन मोटरला पेलतंय ना, हे मोटरच्या माहितीपत्रकात बघायला विसरू नका.

प्रश्न : पॅराशूट वितळून गोळा होतं. एकदा तर बाहेरच आलं नाही आणि मोटरच मागून उडाली.

उत्तर : इंधन संपल्यावर मोटरमधलं विलंब-मिश्रण काही सेकंद जळतं आणि मग इजेक्शन चार्ज, म्हणजे पॅराशूट बाहेर ढकलणारी दारू, पेटतो. त्याचा गरम वायू पुढे झेपावून नोज कोन ढकलतो. पॅराशूट वाचवतं ते मधलं वॅडिंग. ते अग्निरोधकच हवं. साधा टिश्यू पेपर पेटतो आणि खाली पडून वाळलं गवत पेटवू शकतो. नळीच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट लांबीचा थर सैलसर भरा. पॅराशूटला टाल्कम पावडर लावली की घड्या एकमेकींना चिकटत नाहीत.

मोटर मागून उडाली म्हणजे बहुधा नोज कोन फार घट्ट आहे किंवा मोटरची पकड ढिली. रॉकेट उलटं धरलं तर कोन आपल्या वजनाने पडू नये, पण हलक्या हाताने ओढताच सुटावा. घट्ट असेल तर त्याची आत जाणारी कड पॉलिश पेपरने घासा.

प्रश्न : मोटरवरचं ‘सी६-५’ म्हणजे काय?

उत्तर : ‘सी’ म्हणजे एकूण आवेग (सरासरी रेटा गुणिले जळण्याचा वेळ) ५.०१ ते १० न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये, ५ म्हणजे इंधन संपल्यापासून इजेक्शनपर्यंतचे सेकंद. जड रॉकेट लवकर शिखर गाठतं, म्हणून त्याला ‘सी६-३’ बरी. उशीर झाला तर रॉकेट वेगाने खाली येताना पॅराशूट उघडतं आणि शॉक कॉर्ड (नोज कोन नळीला बांधून ठेवणारी दोरी) पुठ्ठ्याची नळी काठापासून उभी चिरते.