बायबल हातात असताना चर्चचा इतिहास कशाला?

तुम्ही विचारलंय की पाळक व्हायला बायबल आणि प्रार्थना पुरे असताना सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, चर्चचा इतिहास कशाला शिकवतात. पहिल्या वर्षी मीही हेच म्हणायचो. सनावळ्या पाठ केल्या, पेपर लिहिला, विसरून गेलो.

पाळक झाल्यावर चौथ्या वर्षी एका संध्याकाळी मंडळीतल्या एक बाई घरी आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला काढला, चार घड्या घातलेला. तो बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांचं गैरवर्तन नुकतंच उघडकीला आलं होतं. "पाळकसाहेब, पोराचा बाप्तिस्मा बाद झाला का हो?"

तेव्हा मला उत्तर आफ्रिका आठवली. ३०३ साली रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती शास्त्रग्रंथ जाळायचा हुकूम काढला. काही बिशपांनी भीतीपोटी आपल्याकडच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. छळ सरल्यावर डोनाटिस्ट पंथाचे लोक म्हणाले, असल्या हातांनी दिलेला बाप्तिस्मा आम्ही मानत नाही. तिथल्या कार्थेज शहरातली मंडळी दुभंगली आणि शंभर वर्षं तशीच राहिली. उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टीन, त्याचं उत्तर होतं की बाप्तिस्मा खरा देतो तो ख्रिस्त; ख्रिस्ताला दगा देणाऱ्या यहूदाच्या हातून झाला तरी तो ख्रिस्ताचाच. बाईंना मी एवढंच सांगितलं. त्यांनी दाखला पुन्हा जपून घडी घालून पिशवीत ठेवला.

पण याच ऑगस्टीनने पुढे डोनाटिस्टांवरची सरकारी सक्तीही योग्य ठरवली, तीसुद्धा लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दृष्टांतातल्या 'लोकांना आत यायला भाग पाड' या वाक्याचा आधार घेऊन. ४१२ साली त्यांच्यावर दंड बसवले गेले, त्यांची चर्चेस काढून घेतली गेली. शास्त्र तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणणारा माणूस होता तो! बायबल पुरे, असं म्हणताना आता माझी जीभ अडखळते ती यामुळेच.

आणि हा इतिहास काही फक्त रोमचा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉन्टेजला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून), बिशपांच्या अधिकारावरून तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून निर्भीडपणे वाद घातला. सेमिनरी निवडाल तेव्हा एकदा अभ्यासक्रम मागून बघा: चर्चचा इतिहास मार्टिन ल्यूथरच्या विटेनबर्गला येऊन संपतो, की रमाबाईंच्या केडगावपर्यंत पोचतो?