आमच्या भागातल्या पुराच्या खुणांचा नकाशा सगळ्यांना उघडता येईल असा ऑनलाइन कसा द्यावा?

ऑगस्ट २०२४ च्या पुरात बडोद्याच्या अकोटा भागातल्या तुमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांत पाणी कुठवर चढलं ते नकाशावर दाखवायचंय, तो मोबाइलवर उघडायला हवा, आणि त्यासाठी गूगल माय मॅप्स घ्यावं की दुसरं काही, असं तुम्ही विचारलंय. दाखवायला दोन्ही चालतील. पण आधी एक तक्ता बनवा, आणि लोकांना नकाशाबरोबर तो तक्ताही द्या. बाकी सगळं त्यानंतरचं.

मी बडोद्यातच जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याचं, काम करते. त्या पुरानंतर व्हॉट्सॲपवर लाल-निळ्या रंगांचे नकाशे पुष्कळ फिरले, आणि पाऊस वाढला की अजूनही फिरतात. ते कोणत्या दिवसाचे, मोजलं कुणी, पाणी घोट्यापर्यंत होतं की कमरेपर्यंत, काही कळत नाही, कारण ते नुसते फोटो. विश्वामित्री नदीची पातळी काळाघोडा पुलापाशी फुटांत मोजतात आणि बातम्यांत तोच आकडा येतो. तो आकडा अमुक झाला की आपल्या गल्लीत पाणी किती चढतं, याची नोंद मात्र सहसा कुणाकडे नसते. तुम्ही नेमकं तेच करताय, म्हणून ते नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं.

तक्त्यात एका खुणेला एक ओळ. अक्षांश, रेखांश, पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये, ती कशापासून मोजली, तारीख आणि वेळ, आणि माहिती कशावरून मिळाली: भिंतीवरचा डाग, फोटो की कुणाच्या आठवणीतून. यातला ‘कशापासून मोजली’ हा रकाना लोक हमखास गाळतात, आणि त्याच्याशिवाय बाकीचे आकडे निरुपयोगी ठरतात. रस्त्यापासून ९० आणि जोत्यापासून ९० यांत केवढा फरक पडतो! शिवाय डांबराचा नवा थर पडला की रस्ताच उंच होतो. जोत्यापासूनचं माप टिकतं. टेप लावून दोन्ही घेतलीत तर उत्तम.

उंचीसाठी फोनवर मात्र अजिबात विसंबू नका. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून, आणि आपल्याकडे समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या पन्नासहून जास्त मीटर खाली येते. म्हणून समुद्रसपाटीपासून पस्तीसेक मीटर उंचीवरच्या बडोद्यात काही ॲप चक्क वजा आकडा दाखवतात. ही दुरुस्ती करणारी ॲपही आहेत, तरी त्यांत काही मीटरांची चूक राहतेच. जागेसाठी फोन ठीक आहे. मोकळ्या आकाशाखाली तो तीन ते पाच मीटरांपर्यंत बरोबर असतो, त्यामुळे अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हापुढे पाच अंक पुरेत. पाचवा अंक म्हणजे साधारण एक मीटर.

तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून साठवताना यूटीएफ-८ ही अक्षरपद्धत निवडा, नाहीतर मराठी-गुजराती नावांची प्रश्नचिन्हं होतात. आणि क्रम सांभाळा. गूगल अक्षांश आधी दाखवतं, तर जिओजेसन या नकाशाच्या फाइल-प्रकारात रेखांश आधी लागतो. बडोद्याचे २२.३० आणि ७३.१८ उलटे पडले की तुमची सोसायटी नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात जाते. सगळं तिकडे गेलं तर लगेच दिसतं. पाच-सहा ओळीच गेल्या तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता साधनं. माय मॅप्स लोकांच्या ओळखीचं आहे, एका थरात २,००० खुणा मावतात, तुमच्या कामाला भरपूर. लिंक देताना परवानगी फक्त पाहण्याची ठेवा. माहिती गोळा करायला वेगळा फॉर्म द्या. मला स्वतःला यूमॅप जास्त पटतं. ते ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतं, फुकट आहे, आणि नकाशा पाहणारा त्याच पानावरून सीएसव्ही किंवा जिओजेसन उतरवून घेऊ शकतो. म्हणजे तक्ता देण्याची वेगळी खटपट नको.

पुराच्या खुणा थेट ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरू नका, एकदाच घडलेल्या घटनांची ती जागा नाही. पण गल्ल्या, सोसायटीची फाटकं आणि पावसाचं पाणी नेणाऱ्या कांस तिथे जरूर घाला. भूखी कांस, रूपारेल कांस अशी नावं आपल्या तोंडी असतात. पाणी कुठून आलं हे समजायला त्या नकाशावर असायलाच हव्यात. गूगलवर पाहून तिथे उतरवायचं मात्र नाही, परवान्यात ते बसत नाही.

नावं, फोन नंबर, घर नंबर तक्त्यात नकोत. खूण इमारतीच्या फाटकावर ठेवा. घराची किंमत पडेल म्हणून कुणीतरी हरकत घेईलच, ती रास्त आहे. फाटकापर्यंत थांबलं की बहुतेक लोक तयार होतात. कायद्याची चिंता नको. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांपासून अशा नकाशांना पूर्वपरवानगी लागत नाही. लष्करी ठिकाणांसारख्या संवेदनशील गोष्टींवर तेवढी खूण करू नका.

तक्त्याबरोबर चार ओळींची टीप हवी: मोजलं कधी, कसं, वापरायची मुभा कोणत्या अटीवर. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी-बाय परवाना सोपा पडतो, वापरणाऱ्याने श्रेय दिलं की झालं. मूळ फाइल किमान दोघांकडे असू द्या, कारण ज्याच्या खात्यावर नकाशा असतो तो कधीतरी सोसायटी सोडून जातो. आणि शेजारच्या सोसायट्यांना सुरुवातीलाच तुमचे रकाने जसेच्या तसे द्या. मुजमहुडा, समा, फतेगंज, शहराच्या कुठल्याही भागातून तक्ता आला तरी तो क्यूजीआयएस या नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सरळ तुमच्याला जोडता येईल.