कासच्या फुलांसाठी कोणता कॅमेरा घेशील?

मिररलेस (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचा की कॉम्पॅक्ट (एकाच पक्क्या लेन्सचा छोटा कॅमेरा), हा तुझा प्रश्न. तुला मुख्यतः कासची फुलं टिपायची आहेत, म्हणून आधी तेच बघू. सीतेची आसवं हे फूल जेमतेम नखाएवढं. मिररलेसच्या किट लेन्सला, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सला, त्याच्या फार जवळ जाता येत नाही. साधारण पाव मीटरच्या आत फोकसच बसत नाही, आणि अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स म्हणजे वेगळा मोठा खर्च. उलट बरेच कॉम्पॅक्ट मॅक्रो मोडमध्ये अगदी काही सेंटिमीटरवरून फोकस करतात. त्यांचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) लहान असल्याने फुलाचा जास्त भाग स्पष्ट येतो. फुलांत पाय न टाकता, वाटेवरूनच हात लांबवून फोटो काढता येतो, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

पण अजिंक्यताऱ्यावरून संध्याकाळचा सातारा किंवा घरातलं लग्न टिपायचं असेल तर मिररलेसच घे. बऱ्याच मिररलेसमधला एपीएस-सी मापाचा सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमीचा, चांगल्या कॉम्पॅक्टमधला नुसता नावाला ‘एक इंची’ सेन्सर १३.२ × ८.८ मिमीचा. क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट, त्यामुळे कमी उजेडात फरक लगेच दिसतो. अगदी स्वस्त कॉम्पॅक्टचा सेन्सर याहूनही बराच लहान असतो, तो घेण्यापेक्षा फोन बरा.

मेगापिक्सेलकडे बघू नकोस.

दोन्हींपैकी काहीही घे, पावसाळ्यात मात्र हवाबंद डब्यात सिलिका जेल घालूनच ठेव. आपल्याकडच्या ओलीत लेन्सला बुरशी धरते. सुरुवातीच्या मिररलेसला पावसापासून संरक्षण बहुधा नसतं, तेव्हा ठोसेघर धबधब्याच्या तुषारांतही जपून.