वीर गळत नसतो राजेहो

प्रश्न असा आलाय की गावात सीमेवर वीरमरण आलेल्या जवानाचं दगडी शिल्प बसवतायत, तर पाटीवर शहीद स्मारक लिहायचं, हुतात्मा स्मारक की वीरगळ (म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा जुना कोरीव दगड), आणि ‘वीर गळून पडला म्हणून वीरगळ’ हे खरं का.

नाही. अजिबात नाही. हे मी पंधरा ऑगस्टच्या भाषणात ऐकलं, आता व्हॉट्सॅपवर फिरतंय आणि दरवेळी डोकं तापतं. गळतात ती पानं. वीर लढताना पडतो.

शहीद अरबी, मूळ अर्थ साक्ष देणारा, पण १९४२ नंतर वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या नावातच तो बसला, आष्टी शहीद, त्यामुळे परका म्हणून त्याला हाकलू नका. हुतात्मा हा शब्द सावरकरांनी घडवलेला. दोन्ही माणसासाठी आहेत, वीरगळ मात्र दगडाचं नाव आहे.

कन्नडमध्ये कल् किंवा कल्लु म्हणजे दगड. समासात क चा ग होतो, वीरगल्लु, वीराचा दगड, बस. विदर्भात कानडी काहून, असं विचारणाऱ्यांसाठी: नवव्या शतकातल्या कविराजमार्ग या कन्नड ग्रंथात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलाय, आणि तो ग्रंथ ज्यांच्या दरबारात झाला त्या राष्ट्रकूट राजघराण्याची एक शाखा तर आपल्या अचलपूरचीच.

आता जाणकार लोक वीरगल्लुवरून सरळ वीरगळ काढतात ते मला पटत नाही. मराठीत एकट्या ल चा ळ होतो, फल फळ, काल काळ, पण जोड ल्ल चा ल च राहतो, प्राकृत तेल्ल चं तेल झालं, तेळ नाही झालं. मग गल्लु चं गल व्हायला पाहिजे होतं ना? म्हणून माझं म्हणणं, आपण शब्द उचलला तो आखूड कल् वरून, आणि फार जुन्या काळी उचलला. कोशात हे कोणी लिहीत नाही, पण तो ळ काय उगाच आला का.

आमच्या मारुतीच्या पाराशी एक आहे, शेंदूर फासून फासून अर्धा बुजलेला, बाया देव समजून पाणी घालतात. खालच्या पट्टीत ढाल-तलवारवाला गडी अन् बाजूला गाई, म्हणजे गाई सोडवताना गेला. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर नेतायत, वरच्यात तो शिवलिंगापुढे हात जोडून, अन् माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर याचं नाव. सूर्य-चंद्र मेळघाटातले कोरकूही आपल्या मेलेल्या माणसांच्या मुंड्यावर, म्हणजे आठवणीच्या सागवानी खांबावर, कोरतात.

तर पाटीचं. जवान नुसता बंदूक घेऊन उभा असेल तर तो पुतळा, खाली स्मारक लिहा. तो कसा लढला ते खालच्या पट्टीत कोरून घेतलं तर खुशाल वीरगळ लिहा. बोलताना आपल्याकडे वीरगय होतंच, डोळ्याचा डोया होतो तसं, होऊ द्या, पण कारागिराला कागदावर ळ मोठा काढून द्या.