शाळेत इंग्रजीत पहिली, मग इथे नापास कशी?

पदवीला इंग्रजी भाषेची रचना आणि तिच्या बोली हा विषय घेतलेली एक विद्यार्थिनी पहिल्या सत्राच्या निकालानंतर भेटायला आली. शाळेत व्याकरणात कायम वरचे गुण. इथे मात्र स्वनविज्ञानात, म्हणजे बोलण्यातल्या ध्वनींच्या अभ्यासात, जेमतेम पास आणि वाक्यविन्यासात, म्हणजे वाक्याच्या रचनेच्या अभ्यासात, नापास. "माझे उच्चार ब्रिटिश लोकांसारखे नाहीत, हा विषय माझ्यासाठी नाही. सोडून देऊ का?" असं तिनं विचारलं. ही शंका या विषयाच्या मुलांना फार छळते, आणि बहुतेक वेळा दुखणं वेगळ्याच ठिकाणी असतं.

तिच्या उत्तरपत्रिका आम्ही सोबत बसून पाहिल्या. पेपर लेखी होते, त्यामुळे तिच्या बोलण्याला गुण असण्याचा प्रश्नच नव्हता. गुण गेले होते ते स्पेलिंगच्या सवयीमुळे. 'थॉट' या शब्दात सात अक्षरं आहेत, पण ध्वनी तीनच. 'बॉक्स'मध्ये तीन अक्षरं आणि ध्वनी चार. ती अक्षरं मोजत होती. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चाराचं पारंपरिक वर्णन घेतलं तर २० स्वर आणि २४ व्यंजनं होतात. २६ अक्षरांच्या वर्णमालेत ती मावतील कशी? दुसरी चूक म्हणजे प्रश्नात हाच ब्रिटिश उच्चार मागितला असताना 'कार'च्या शेवटी तिनं 'र' लिहिला होता. त्या उच्चारात तो 'र' नसतो, अमेरिकन उच्चारात असतो. तिचा 'र' चुकीचा नव्हता, प्रश्नातल्या बोलीचा नव्हता इतकंच. तेव्हापासून शब्दाचे ध्वनी खुणांनी लिहून दाखवताना प्रत्येक उत्तराच्या वर ती बोलीचं नाव आधी लिहू लागली.

सराव असा ठरला: रोज दहा मिनिटं, पाच शब्द, तेही ऐकून, पाहून नाही. आधी ध्वनी बोटांवर मोजायचे, मग आंतरराष्ट्रीय स्वनलिपीत, म्हणजे प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र खूण असलेल्या लिपीत, लिहायचे, आणि शेवटी उच्चारकोशाशी ताडून पाहायचे. चुकलेला शब्द तिसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचा. मराठी बोलणाऱ्या मुलांची एक मोठी जमेची बाजू इथे दिसते. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाच्या तोंडच्या 'की' मधला 'क' आपल्या 'ख'च्या जवळ जातो आणि 'स्की' मधला साधा 'क' राहतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना हा फरक सहसा मुद्दाम दाखवून द्यावा लागतो; आपल्या कानांना तो लहानपणापासून कळतो. हे तिला पटलं तेव्हा ती जरा सैलावली.

वाक्यविन्यासातली गोष्ट अधिक खोल होती. शाळेनं तिला 'बरोबर की चूक' एवढंच विचारायला शिकवलं होतं, आणि हा विषय 'कुठला शब्द कुठल्या गटात' असं विचारतो. 'शी फेड द डॉग अंडर द टेबल' या वाक्याची वृक्षाकृती, म्हणजे शब्दांचे गट फांद्यांनी दाखवणारी आकृती, काढताना तिनं शब्द ओळीनं खाली लटकवले होते. वृक्षाकृतीआधी गट तपासावे लागतात. 'द डॉग अंडर द टेबल' या सगळ्याच्या जागी 'इट' ठेवून 'शी फेड इट' म्हटलं, तर टेबलाखालचा तो कुत्रा एक गट ठरतो. 'शी फेड इट अंडर द टेबल' म्हटलं, तर 'इट' फक्त कुत्र्यासाठी आणि खाऊ घालणं टेबलाखाली घडलं. अर्थ दोन, म्हणून आकृत्याही दोन. बदली शब्द ठेवणं, गट हलवून पाहणं आणि गटावर प्रश्न विचारणं, या तीन कसोट्या कागदाच्या कडेला लिहिल्याशिवाय रेघ ओढायची नाही, असं ठरलं.

बोलींच्या पेपरचं काय? आफ्रिकन-अमेरिकन बोलीतलं 'ही बी वर्किंग' तिनं लाल शाईनं दुरुस्त केलं होतं. तिथला 'बी' नेहमीचं, पुन्हा पुन्हा घडणारं काम दाखवतो; 'ही वर्किंग' म्हणजे तो आत्ता कामात आहे. इतका नेटका नियम दुरुस्तीच्या नादात दिसेनासा व्हावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रकल्पासाठी तिनं 'भारतीय इंग्रजी' असा अवाढव्य विषय घेतला होता. तो एका ध्वनीवर आणला. १९६२ मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअरमधल्या २६४ कर्मचाऱ्यांकडून 'फोर्थ फ्लोअर' हे शब्द सहज बोलण्यात काढून घेतले आणि फक्त 'र' मोजला. महागड्या दुकानात तो जास्त ऐकू आला. तिच्यासाठी दहा-बारा जण पुरे होते: संमती घेऊन ध्वनिमुद्रण, आणि 'र' जिथे जिथे येऊ शकला असता त्या प्रत्येक जागेची नोंद. मुलं फक्त आलेले 'र' मोजतात, मग टक्केवारी काढायला आधारच राहत नाही.

विषय सोडायचा निर्णय तिनं एका सत्रापुरता पुढे ढकलला. तेवढ्या वेळात पुढच्या वर्षांचा अभ्यासक्रम वाचायला सांगितलं आहे. कथा-कविता वाचण्याची ओढ असेल किंवा फक्त अस्खलित बोलायचं असेल, तर साहित्याचा वा संभाषणाचा अभ्यासक्रम बरा. पण दोन आकृत्यांचं ते वाक्य घरी जाऊनही डोक्यात घोळत राहिलं असेल, तर याच विषयात राहावं.