वाचक विचारतात : तरतूद दिसते, पैसा कुठे आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागीय कार्यालयाच्या, म्हणजे दिल्लीच्या ऑफिसच्या, आर्थिक कारभाराबद्दल बरीच पत्रे आली. त्यातले सहा प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पत्रे थोडी कापली आहेत, आशय तोच ठेवला आहे.

मी सीएच्या इंटरमीजिएटला आहे. मे २०२५ मध्ये संघटनेचे ४.२ अब्ज डॉलरचे अंदाजपत्रक मंजूर झाल्याचे वाचले. त्याच सुमारास नोकरकपातीच्याही बातम्या आल्या. पैसा मंजूर असताना कपात कशी? – वाचक, पुणे

मंजूर झाली ती मर्यादा. पैसा अजून गोळा व्हायचा असतो. तुमच्या घरात कोणी राज्य सरकारी कार्यालयात असेल तर त्यांना विचारा. अर्थसंकल्पात तरतूद असली तरी बीडीएसवर, म्हणजे राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी उतरल्याशिवाय बिल निघत नाही. इथेही तसेच आहे.

संघटनेचे अंदाजपत्रक दोन वर्षांचे असते. ते सम वर्षाच्या १ जानेवारीला सुरू होते आणि विषम वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते. २०२६-२७ साठी आधी ५.३ अब्ज डॉलरचा प्रस्ताव होता, तो ४.२ अब्जांवर आणला गेला. ही मर्यादा भरायची दोन साधने आहेत. एक, सदस्य देशांची ठरलेली वर्गणी. ती २०२५ च्या मे महिन्यात २० टक्क्यांनी वाढवली गेली आणि २०३०-३१ पर्यंत पायाभूत (आपत्कालीन कामे वगळून) अंदाजपत्रकाचा निम्मा भाग वर्गणीतूनच यावा, असे २०२२ मध्ये ठरले आहे. दुसरे साधन ऐच्छिक देणग्या. त्यांतल्या बहुतेक अमुक देश, अमुक रोग, अमुक तारखेपर्यंत अशा अटींनी बांधलेल्या असतात. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये बाहेर पडण्याची घोषणा केल्यावर दोन्ही साधनांना एकदम गळती लागली.

आता विभागीय कार्यालयात बसलेल्या अंदाजपत्रक अधिकाऱ्याच्या तक्त्याकडे पाहा. त्यात चार रकाने वेगवेगळे हवेत : वाट्याला आलेली मर्यादा, प्रत्यक्ष हाती आलेला निधी, तो निधी कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल, आणि करार किंवा ऑर्डर काढून बांधलेली रक्कम अधिक झालेला खर्च. तिसरा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत आणि तिथेच फसतात. समजा एका कार्यक्रमाची मर्यादा १० लाख डॉलर, हाती आलेला निधी ६ लाख आणि खर्च ५.४ लाख. अंमलबजावणी किती? मर्यादेच्या ५४ टक्के, निधीच्या ९० टक्के. बैठकीत कोणी नुसता टक्का सांगितला तर छेद कोणता धरला ते आधी विचारावे. ५४ टक्क्यांना आळशी ठरवलेला विभाग प्रत्यक्षात पैशावाचून अडलेला असतो.

पगाराचा मुद्दा सर्वांत नाजूक. वर्गणीसारखा मोकळा पैसा कमी असल्यामुळे पदे बांधलेल्या देणग्यांवर टाकली जातात, आणि देणगी संपली की पद उघडे पडते. भारतात १९९७ पासून पोलिओच्या निधीवर उभे राहिलेले रोगनिरीक्षणाचे जाळे, ज्यात महाराष्ट्रातले वैद्यकीय अधिकारीही आहेत, ते पुढे गोवर-रुबेलाच्या कामाकडे वळवताना पगार कोणत्या निधीतून काढायचा हाच प्रश्न होता. रोग गेला की त्याच्या नावाचा निधीही आटतो. माणसे आणि कौशल्य मात्र हवेच असते.

विभागीय प्रकल्पासाठी एक देणगीदार १८ महिन्यांसाठी एकूण ५ लाख डॉलर द्यायला तयार आहे. अंदाजपत्रक मांडताना सर्वसाधारणपणे कुठे चुका होतात? – वाचक, नवी दिल्ली (मूळ सोलापूर)

पहिली चूक भागाकाराची. संघटनेचा कार्यक्रम साहाय्य खर्च, म्हणजे प्रशासकीय कामासाठी देणगीतून घेतला जाणारा वाटा, साधारण १३ टक्के आहे. हा दर जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये ठरवला. तो प्रत्यक्ष खर्चावर लागतो, एकूण रकमेवर नाही. म्हणून ५,००,००० ला १.१३ ने भागा. प्रत्यक्ष कामाला ४,४२,४७८ डॉलर आणि साहाय्य खर्चाला ५७,५२२ डॉलर मिळतात. ५ लाखांतून सरळ १३ टक्के वजा केले तर कामाला ४,३५,००० च उरतात, म्हणजे सुमारे साडेसात हजार डॉलर विनाकारण सुटतात. आपत्कालीन कामांना कमी दर असतो, पण तो लागू आहे हे करारात लिहिलेले असल्याशिवाय गृहीत धरू नका.

दुसरी चूक, या साहाय्य खर्चातून सगळे भागेल असे समजणे. मूल्यमापन, भाषांतर, प्रकल्पापुरता लेखापाल, प्रकल्पाच्या वाट्याचे भाडे, सुरक्षा हे सगळे प्रत्यक्ष खर्चात पहिल्याच मसुद्यात घाला. सही झाल्यावर देणगीदार नवे शीर्ष क्वचितच उघडू देतो.

पगाराचा आकडा कधीही हातात पडणाऱ्या पगारावरून काढू नका. संयुक्त राष्ट्रांच्या निवृत्तिवेतन निधीत निवृत्तिवेतनासाठी धरलेल्या वेतनाच्या २३.७ टक्के जातात, त्यांतले १५.८ टक्के संस्थेचे आणि ७.९ टक्के कर्मचाऱ्याचे. त्यावर आरोग्य विमा आणि नोकरी सुटतानाची देणी. शिवाय स्थानिक अधिकाऱ्यांची वेतनश्रेणी मध्येच सुधारते आणि तीही मागच्या तारखेपासून. मग थकबाकी एका महिन्यात येऊन पगाराचे शीर्ष पार करते. म्हणून कार्यालयाने ठरवलेला प्रमाणित खर्च घ्या आणि त्यावर थोडी जागा सोडा.

मुदतीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : १८ महिने हे कागदावरचे. सही, पहिला हप्ता, प्रणालीत निधीची नोंद आणि भरती यांत तीन-चार महिने सहज जातात. पदाचा खर्च १४ महिन्यांचाच धरा, पण कामाचे वेळापत्रकही तेवढेच आखा. नाहीतर पैसा १४ महिन्यांचा आणि वचने १८ महिन्यांची, असे होते. शेवटचे दोन महिने नवीन करार काढू नका, कारण माल किंवा सेवा मुदतीच्या आत मिळाली पाहिजे. खर्च न वाढवता मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करा. मुदत उलटल्यावरची विनंती बहुधा परत येते.

आणखी एक खाच. अनेक करारांत शेवटचा हप्ता अंतिम अहवालानंतर मिळतो. म्हणजे ती रक्कम आधी खर्च करायची आणि नंतर मिळवायची. पण हाती न आलेल्या पैशावर ऑर्डर काढता येईलच असे नाही. सही करण्यापूर्वी हा हप्ता दहा टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, आणि तो येईपर्यंतचा खर्च कोण उचलणार ते लेखी घ्या. देणगीदाराची शीर्षे आणि तुमच्या लेखाप्रणालीची शीर्षे यांची जुळणीसुद्धा पहिल्याच आठवड्यात करून ठेवा. अहवालाच्या वेळी बिले उकलत बसणे फार महाग पडते.

करार युरोमध्ये, हिशेब डॉलरमध्ये, खर्च रुपयांत. कोणत्या दराने लिहायचे? – वाचक, ठाणे

संयुक्त राष्ट्रांचा स्वतःचा विनिमय दर (कार्यवाही दर) दर महिन्याला जाहीर होतो, कधी महिन्याच्या मध्येही बदलतो. नोंद त्या दराने होते. बँकेने त्या दिवशी काय दर दिला याने नाही. त्यामुळे बँकेच्या विवरणाशी फरक राहणारच. तो विनिमय फरकाच्या खात्यात जातो, कार्यक्रमाच्या शीर्षात ढकलू नका.

युरोचा धोका हप्त्यात असतो. ४ लाख युरोचा करार दोन समान हप्त्यांत आहे आणि दर १.१० वरून १.०५ वर आला, तर दुसरा हप्ता २,२०,००० ऐवजी २,१०,००० डॉलर मिळतो. पहिल्याच दिवशी पूर्ण रकमेचे करार केलेत तर हे दहा हजार कुठून आणणार? म्हणून दुसऱ्या हप्त्याचा शेवटचा दहावा हिस्सा पैसे येईपर्यंत मोकळा ठेवा. उलटही घडते. २०२२ मध्ये श्रीलंकेचा रुपया डॉलरला साधारण २०० वरून ३६० च्या आसपास घसरला तेव्हा स्थानिक खर्चाचे डॉलर भराभर उरू लागले. खूश होण्यासारखे त्यात काही नव्हते. आयात औषधे आणि इंधन महागले, आणि जे डॉलर उरले ते देणगीदाराच्या परवानगीशिवाय दुसरीकडे वळवता येत नव्हते.

आमच्या जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला प्रशिक्षणासाठी करारातून रक्कम मिळाली. उपयोगिता प्रमाणपत्र दिले, तरी पुढची रक्कम अडकली. कारण काय? – लेखा कर्मचारी, विदर्भ

बहुधा तुमच्या प्रमाणपत्रात आगाऊ रक्कम खर्च म्हणून दाखवली आहे. जिल्ह्याने तालुक्यांना वर्ग केलेला पैसा हा खर्च नव्हे. तालुक्यात प्रशिक्षण झाले, बिले आली, पावती मिळाली, तेव्हाच तो खर्च. तालुक्यांकडून उरलेली रक्कम परत घेतल्याशिवाय ताळमेळ लागत नाही.

दुसरे कारण वर्षाचे. तुमचे वर्ष ३१ मार्चला संपते, कराराला मार्चशी देणेघेणे नाही. त्याची स्वतःची सुरुवात आणि शेवट असतो. मार्चएंडला खर्ची टाकलेले पण एप्रिलमध्ये झालेले प्रशिक्षण करार संपल्यानंतरचे निघाले तर ते नाकारले जाते. बिलाची तारीख, कार्यक्रमाची तारीख आणि कराराची मुदत एका ओळीत लिहून तपासा.

मग खर्चाची शीर्षे. करारात भोजन, प्रवास, साहित्य असे जे लिहिले त्यापलीकडे, उदाहरणार्थ संगणक घेतला असेल, तर आधीची लेखी परवानगी लागते. हजेरीपट, प्रवासभत्त्याच्या सह्या आणि बँक विवरण जपून ठेवा. व्याज जमा झाले असल्यास तेही दाखवा. तांत्रिक अहवाल आणि आर्थिक अहवाल दोन्ही लागतात. एक आला आणि एक नाही, तर अहवाल प्रलंबितच मानतात, आणि प्रलंबित अहवाल असलेल्या यंत्रणेशी नवा करार करायला कार्यालये कचरतात. त्यात त्यांचा हट्ट नाही. असे अहवाल थकणे हा लेखापरीक्षणातला नेहमीचा आक्षेप आहे. २०२० पासून संघटनेचे बाह्य लेखापरीक्षक भारताचे कॅगच आहेत, २०२४ ते २०२७ साठीही त्यांचीच निवड झाली. तेव्हा ‘लेखापरीक्षण पथक काय विचारेल’ याची तुम्हाला सवय असेलच.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑर्डर काढली तर त्या वर्षाचा खर्च धरतात का? – वाचक, कोल्हापूर

नाही. २०१२ पासून संघटनेचे हिशेब आंतरराष्ट्रीय सार्वजनिक क्षेत्र लेखामानकांनुसार आहेत. माल मिळाला किंवा सेवा झाली की खर्च. ऑर्डरने रक्कम फक्त बांधली जाते. द्विवार्षिकाच्या शेवटी नुसत्या ऑर्डरींचा ढीग लावून अंमलबजावणी वाढत नाही, उलट पुढच्या वर्षी रद्द करायच्या नोंदींचा ढीग वाढतो. सप्टेंबरमध्येच जुन्या ऑर्डरी काढून बघा. पुरवठा होणार नसेल तर रक्कम सोडवा, म्हणजे दुसऱ्या कामाला वेळेत लागेल.

आमचे छोटे मुद्रणालय आहे. दिल्लीच्या कार्यालयासाठी प्रशिक्षण पुस्तिका छापल्या. ते आंतरराष्ट्रीय संस्था असल्याने जीएसटी लावायचा नाही ना? – वाचक, नाशिक

लावायचा. त्यांना पुरवठा हा निर्यात नाही आणि करमुक्तही नाही. त्यांच्याकडे जीएसटीआयएनऐवजी यूआयएन म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक असतो. ते कर भरतात आणि तिमाहीनुसार जीएसटीआर-११ आणि आरएफडी-१० भरून परतावा मागतात. ज्या तिमाहीत पुरवठा मिळाला तिच्या शेवटच्या दिवसापासून त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे.

म्हणून बिलावर त्यांचे नाव आणि यूआयएन अचूक छापा, माल दिल्लीला पोहोचवायचा असेल तर आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा जीएसटी) लावा, आणि तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये हे बिल नोंदणीकृत ग्राहकाच्या रकान्यात दाखवा. सामान्य ग्राहकांच्या बिलांत मिसळलेत तर त्यांच्या परताव्याच्या अर्जात ते उतरत नाही, आणि महिन्यांनी तुम्हालाच दुरुस्तीचा फोन येतो. बिल पाठवताना ऑर्डर क्रमांक लिहा. संघटनेच्या देयकांची प्रक्रिया बऱ्याच अंशी क्वालालंपूरच्या सेवा केंद्रात होते, तिथे तुमचे मुद्रणालय कोणी ओळखत नाही. ऑर्डरवरचे नाव, बिलावरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव एकच असू द्या. एका ठिकाणी ‘प्रिंटर्स’ आणि दुसरीकडे ‘ऑफसेट’ असले तरी पेमेंट थांबते.